चोचीला चोच

राजेश्रीनं एवढंच विचारलं होतं, "महालक्ष्म्यांना कागदाची झालर करायची का? आमच्या पालमला आबा दरसाल करतात."

लग्नानंतरची तिची ही पहिलीच महालक्ष्मी. आवाजात माहेर जरा ओलं झालं होतं. शहाण्या नवऱ्यानं "कर की" म्हटलं असतं आणि विषय मिटला असता. पण मी अहमदाबादेत चार वर्षं डिझाइन शिकून बोरीला परतलेला. (गावात कागदकामाचा क्लास काढून ग्रामीण कलेला नवसंजीवनी द्यायची, हे मी रेल्वेतच ठरवलं होतं.) मी सोप्यात उभा राहून भाषणच ठोकलं.

"घरातल्या गंजक्या कात्रीनं कापणं म्हणजे कागदाचा अपमान! हत्यार हाच कारागिराचा आत्मा!"

राजेश्री काहीतरी बोलणार होती. नुसतीच आत गेली.

पुढचे पंधरा दिवस मी हत्यारं निवडली. निमुळत्या टोकाची कात्री की वाकड्या टोकाची? सरळ सुरी की फिरत्या पात्याची? शेवटी पार्सल आलं. पेनासारखी सुरी, तिची अकरा नंबरची पाती, चिमटा आणि एक हिरवी मॅट.

"हिच्यावर कितीबी कापा, काप आपोआप भरून येतो," मी आईला म्हणालो.

आई मॅट उलटीपालटी करून म्हणाली, "आरं जीवन, मग टाचंला बांधू का? लय भेगा पडल्यात."

महालक्ष्म्या संध्याकाळी यायच्या होत्या. गावातल्या दुकानातला सगळा पतंगी कागद मी उचलून आणला. सकाळी दार लावून कामाला बसलो. झालर मोरांची. कागदाच्या पंख्यासारख्या घड्या घालायच्या आणि वरच्या घडीवर एक मोर कापायचा. उलगडलं की मोरांची रांग, चोचीला चोच, शेपटीला शेपूट.

सुरी लोण्यातून फिरावी तशी फिरली. आबांच्या मोरांच्या चोची म्हणे बोथट असतात. मी मात्र चोच अशी कोरली, की मोर आता दाणा टिपेल. शेपटीचं टोकही गोल केलं. उत्साहाच्या भरात एकाच बैठकीत सगळा कागद संपवला.

मग सगळ्यांना बोलावलं आणि पहिली झालर ऐटीत उलगडली.

मोर खाली पडले. एकेक, सुटे. चोच आणि शेपटीचं टोक घडीवर जोडलेलं ठेवायचं असतं आणि मी दोन्ही कोरून कोरून तोडलं होतं. दुसरी घडी उलगडली, तेच. दोनेकशे मोर जमिनीवर, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

आई म्हणाली, "भाऊकी दिसायलीय."

राजेश्री हसली नाही. रिकाम्या मखराकडे बघत राहिली. मला एकदम कळलं, की तिला माझी कला नको होती, पालमचं घर हवं होतं.

"चुकलं गं माझं," मी म्हणालो. "दुकानात आता एक कागद नाही."

ती उठली. पार्सलमधून माझी हत्यारं ज्या मोठ्या गुलाबी कागदात गुंडाळून आली होती तो कागद सोडवला, हातानं सरळ केला. मग आपल्या पेटीतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत बोटभर, काळपट कात्री.

"आबांची मिशा कातरायची. येताना दिली होती मला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी म्हणलाव ना, कागदाचा अपमान."

मी मॅटकडे बघितलं. तिच्यावरचा एकही काप भरून आलेला नव्हता.

करकर आवाज करत तिनं कागद कापला. उलगडला. बोथट चोचींचे गुलाबी मोर एकमेकांना धरून मखरभर गेले. एका टोकाला कमी पडले, तिथं मी माझे सुटे मोर आणले.

"चिकटवू?"

"ऱ्हाऊ द्या," ती आता हसत होती. "महालक्ष्म्यांच्या पावलांवर टाकू. फुलांसारखे."

हळदी-कुंकवाला आलेल्या शेजारच्या केशरबाई खाली वाकून म्हणाल्या, "ह्ये मोर कुणी कापले गं? लय नाजूक!"

"ह्यांनी," राजेश्री म्हणाली. "चार वर्षं तेच शिकलेत. झालर तेवढी माझी."

माझी छाती फुगली.

"क्लास काढायलास म्हणं जीवन," केशरबाई म्हणाल्या. "माझ्या नातीचं नाव लिही."

मी लगबगीनं वही आणली. पहिलीच विद्यार्थिनी!

त्यांनी एकदा अखंड झालरीकडे पाहिलं, एकदा पावलांवरच्या सुट्या मोरांकडे.

"पण शिकवणार राजेश्रीच ना?"