जावक नंबर नसलेला कागद

आमचे शेजारी वानखेडेकाका यांच्या बैठकीच्या दारावर, जिथं लोक गणपती लावतात, तिथं कर्जमाफीचं एक प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे. ते खोटं आहे. हे काका स्वतःच सांगतात, तेही पाहुण्याच्या हाती पाण्याचा गिलास देण्याआधी.

"मले फसवलं ना!" ते मजेत सांगतात. "घराचं कर्ज माफ म्हणून पंधरा हजार घेतले न् हा कागद धाडला. तहसीलचा आवक-जावक बाबू मी, गोल शिक्का पाहून भुललो!"

काकांनी तीस वर्षं बैहरच्या तहसील कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांवर नंबर टाकले. निवृत्त होऊन बालाघाटला आले, तर नोकरीची सवयही मागोमाग आली, असं आम्ही समजत होतो. विजेचं बिल, लग्नपत्रिका, किराण्याची चिठ्ठी, घरात शिरणाऱ्या प्रत्येक कागदावर आवक नंबर पडतो. माझ्या बायकोनं पाठवलेल्या करंज्यांची त्यांनी सहीनिशी पोहोच दिली होती.

कर्जमाफीवाल्यांचा फोन आला की काकांना हुरूप येतो.

"भैया, पहले पत्र भेजो. जावक नंबर डालके."

"सर, फीस आज ही जमा करनी पड़ेगी."

"हमारे यहाँ आज का कागज परसों साहब के टेबल पे जाता है."

असं अर्धा तास चालतं. शेवटी फोन ठेवतो तो समोरचाच.

मी खासगी शाळेतला मास्तर. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी कर्ज काढलं होतं आणि मागच्या महिन्यात दोन हप्ते थकले. तेवढ्यात मोबाईलवर पत्र आलं: अर्धं कर्ज माफ, आठ हजार फाईल फी आजच भरा, बँकेत चौकशी केल्यास सवलत रद्द. शंका आली नाही असं नाही, पण बुडत्याला काडीचा आधार. बायकोच्या भिशीचे नेमके आठ हजार घरात होते. पैसे पाठवण्याआधी पत्राची प्रत काढून काकांकडे गेलो. खरं तर शाबासकी घ्यायला.

काकांनी चष्मा चढवला. "जावक नंबर कुठं आहे? ज्या कागदाले जावक नंबर नाही, तो कागद नाही, पतंग आहे! आधी फी मागून राह्यला न् म्हणते बँकेत जाऊ नको. काहून? बँकवाला खरं सांगन म्हणून! उद्या जा, साहेबाले म्हण हप्ता लहान करून द्या. लाज वाटत असन त मी येतो संग."

मग स्टुलावर चढून त्यांनी फ्रेम उतरवली. "पाह्य, भाषा तीच."

भाषा तीच होती. पण जावक नंबर याही कागदावर नव्हता. करंज्यांची पोहोच देणारा माणूस याला भुलला? मी खालपर्यंत वाचत गेलो. रक्कम भरणाऱ्याचं नाव होतं निर्मला वानखेडे. म्हणजे काकू. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

"काका, तुम्ही नव्हता फसला."

काका धोतराच्या सोग्यानं काच पुसत राहिले. "पाटल्या मोडल्या तिनं, मले न सांगता. कागद हातात देऊन अशी हासली! म्हणे, आता निवांत झोपा. मले तवाच समजलं. पण सांगू कसा? म्हटलं, हौ निर्मले, सुटलो."

"आणि कर्ज?"

"भरत राह्यलो. तिले सांगे, पेन्शनच्या कामाले चाललो."

फ्रेम परत देताना मागचा पुठ्ठा दिसला. त्यावर लाल शाईनं लिहिलं होतं: आवक क्र. १.

"तिले खरं वाटावं म्हणून टाकला," काका म्हणाले. "पण घरात एकाच कागदावर नंबर कसा दिसन? म्हणून बिलावर टाकला, पत्रिकेवर टाकला. आता ती नाही, त हात थांबत नाही."

त्यांनी फ्रेम पुन्हा लावली तेव्हा मी स्टूल धरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी बँकेत माझा अर्ज त्यांनीच लिहिला आणि भांडून त्याची पोहोच घेतली. मग मला बाकावर बसवून ते पलीकडच्या खिडकीवर गेले. परत आले ते पावती घडी घालत.

"तीन हप्ते राह्यले," म्हणाले. "चाल, मास्तर."