मागच्या टायरचं टेंगूळ

तेरावा टायर टेबलावर येऊन पडला तेव्हा पाओलायने जेवणाचा डबा बाजूला सारला आणि टायरवरून अंगठा फिरवला. टेंगूळ होतंच. तेही मागच्या टायरला, आणि हवा भरायच्या व्हॉल्व्हपासून बरोबर वीतभर अंतरावर. आधीच्या बारांना जिथे होतं तिथेच.

युआनलिनच्या एका सायकल-टायरच्या कारखान्यात वॉरंटीचे दावे निकालात काढायचं काम पाओलाय एकोणीस वर्षं करत होता. दोष कारखान्याचा निघाला तर नवा टायर पाठवायचा, गिऱ्हाइकाचा निघाला तर गोड भाषेत पत्र. फुटलेले, चिरलेले, उंदरांनी कुरतडलेले टायर त्याने पाहिले होते. एकाने तर टायर कुत्र्याला चघळायला देऊन वर दावा लावला होता. पण एकाच दुकानातून आलेले तेरा टायर एकाच जागी फुगलेले त्याने कधी पाहिले नव्हते.

मॅनेजर को साहेबांना मात्र त्यात नवल वाटलं नाही.

"एकाच जागी फुगतात म्हणजे साच्यातच दोष. कोणता साचा?"

"पहिले आठ टायर सात नंबरच्या साच्याचे. बदली पाठवलेले पाच, ते चार नंबरच्या साच्याचे. बदलीचे तर जास्तच फुगलेत."

"साचा बदलला तरी टेंगूळ हलत नाही? मग दोष हाताचा. दोन्ही साचे सूचिनबाईच चालवतात ना? सोमवारपासून त्यांना पॅकिंगला बसवा."

बातमी सूचिनबाईंपर्यंत पाओलायच्या आधी पोचली होती. बावीस वर्षं त्या साच्यांवर उभ्या होत्या. वाफेच्या नुसत्या आवाजावरून टायर शिजला की नाही ते त्या सांगत.

"पाओलायभाऊ, खोकी चिकटवायला जाऊ मी आता? त्या पोरी दिवसभर मालिकांच्या गोष्टी करतात हो. आठ दिवसांत वेड लागेल मला."

"अजून सोमवार उजाडायचाय."

"रोज दोनशे टायर काढते मी. बाकीचे कुठे गेले? त्यांना का नाही टेंगूळ?"

हाच प्रश्न पाओलायच्याही डोक्यात घोळत होता. शुक्रवारी सकाळी त्याने समुद्राकडची बस धरली.

फांगयुआनला आगिम मावशीचं सायकलचं दुकान होतं. सत्तरी उलटलेली बाई, बुटक्या स्टुलावर बसून चाकात हवा भरत होती. पाओलायच्या डोक्यावर एक केस नव्हता, तरी तिने हाक मारली, "ये रे बाळा. कारखान्यातून आलास ना? चेहऱ्यावरच लिहिलंय तुझ्या. पेरू खा."

पेरूच्या फोडी चावत पाओलायने रस्ता पाहिला. खड्डे नव्हते. गोदाम पाहिलं, ऊन येत नव्हतं. पंप तपासला, बरोबर होता.

"मावशी, टायर बसवता कसा?"

"जगात बसवतात तसा. टायरवरचं नाव व्हॉल्व्हसमोर आणते, म्हणजे दिसायला बरं. मग व्हॉल्व्ह खाली आणून हवा भरते. स्टुलावरून सारखं उठणं होत नाही रे मला."

"आणि मग?"

"मग काय, गिऱ्हाईक घेऊन जातं!"

तेवढ्यात एक मास्तरीणबाई नवी सायकल न्यायला आल्या. मावशीने स्टूल सरकवलं, दारापासून चार पावलांवर एक लोखंडी घमेलं ठेवलं, त्यात देवीला वाहायच्या सोनेरी कागदांची चळत पेटवली आणि माझू देवीचं नाव घेतलं. मास्तरीणबाईंनी सायकल त्या विस्तवावरून ढकलली. पुढचं चाक झरकन पार झालं.

"थांबा!" मावशी ओरडली. "फोटो!"

सायकल थांबली. मागचं चाक बरोबर घमेल्यावर. दारात व्हॉल्व्ह खाली ठेवून निघालेलं चाक दर वेळी तेवढंच फिरणार, आणि विस्तवावर येणार तो भाग व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावरचाच. मावशीने चष्मा शोधला, तो डोक्यावर सापडला. फोन उलटा धरला, सुलटा केला. "हसा की जरा. डोळे मिटले, पुन्हा." मास्तरीणबाई हसत राहिल्या आणि त्यांच्या पाठीमागे टायर भाजत राहिला.

पाओलायच्या हातातली फोड हातातच राहिली.

"मावशी, प्रत्येक सायकलला असंच करता?"

"मग! एवढी सायकल घेतात, वाटेत काही वाईट व्हायला नको. अन् ज्यांचे टायर फुगले ना, त्यांच्या बदलीच्या टायरला मी दुप्पट कागद लावते. पहिल्या खेपेला विस्तव कमी पडला असणार."

"तोच विस्तव तर टायर फुगवतोय!"

मावशी कमरेवर हात ठेवून उठली. "देवीचा विस्तव? तोंड सांभाळ. तेरा टायर फुगले, पण एक तरी माणूस पडलं का? सांग! गावात नाव झालंय माझ्या विस्तवाचं."

 पाओलायने हळूच विचारलं, "मग विस्तव राहू दे. फोटो तेवढा आधी काढाल?"

मावशीने विस्तवात आणखी एक कागद टाकला. "फोटोचं देवीला काही नसतं," ती म्हणाली.

सोमवारी को साहेबांनी सगळं ऐकलं आणि दाव्याच्या कागदाकडे पाहत बसले. रकान्यात दोनच पर्याय होते, कारखान्याची चूक किंवा गिऱ्हाइकाचा गैरवापर.

"माझूच्या विस्तवाला गैरवापर म्हणू? खाली सही माझी असते हो!"

"कारखान्याची चूक तर नाही ना पण?"

"नाही, नाही. सूचिनबाई साच्यावरच राहू देत." साहेबांनी घाम पुसला. "आपण असं करू, प्रत्येक सायकलसाठी एक कार्ड छापू. हँडलला बांधायला."

पिवळं कार्ड छापलं गेलं. 'विस्तवावरून सायकल नेताना मध्येच थांबू नये.' ज्यांचे दावे बाकी होते त्या सगळ्यांना नवे टायर गेले. सूचिनबाईंनी पाओलायला घरचे वाफवलेले पाव आणून दिले आणि तीन आठवडे फांगयुआनहून एकही टायर आला नाही.

चौथ्या आठवड्यात पाच आले. टेंगूळ होतं. पण हे टायर पुढचे होते.

पाओलायने फोन लावला. "मावशी, पुन्हा फोटो?"

"छे रे! फोटो मी आता दारातच काढते. शब्दाची पक्की आहे मी."

"मग सायकल थांबते कशी?"

"तुझं ते कार्ड रे. पुढचं चाक विस्तवावर गेलं की झळीने फडफडायला लागतं. मग माणूस बघणारच ना काय लिहिलंय ते! अन् अक्षर केवढं बारीक. म्हाताऱ्यांना दोनदा वाचावं लागतं. मीच सांगते त्यांना, सावकाश वाचा, कारखान्याने मुद्दाम पाठवलंय."

पाओलायने फोन ठेवला. दारात सूचिनबाई उभ्या होत्या, हातमोजेही न काढता धावत आलेल्या.

"साचा?"

"नाही."

"माझे हात?"

"नाही हो, जा तुम्ही कामाला."

त्या गेल्यावर त्याने दाव्याचा कागद पुढे ओढला. दोन्ही पर्यायांवर काट मारली, समासात जरा जागा शोधली आणि कारण लिहिलं, वाचन.