दाजी आठल्यांचा मुआयना

दाजी आठल्ये कुणाच्याही घरी आले की बसत नसत, सरळ जमिनीवर आडवे होत. डोक्यावर पागोटं, अंगात बंद गळ्याचा कोट आणि पायांचे अंगठे छताकडे. मी लग्न होऊन वाईहून काशीला आले तेव्हा त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, आमच्या माजघरात. मला वाटलं, यांना घेरी आली. तांब्या घेऊन धावले, तर त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, "राहू दे मुली. सरकारी काम चाललंय."

दाजी म्युनिसिपालटीत होते. यात्रेकरूंना खोल्या देणाऱ्या घरांना तेव्हा परवाना लागे, आणि कुठल्या घरात किती माणसं निजवायची ते दाजी मुआयना, म्हणजे जागेची तपासणी, करून ठरवत. साहेबाने त्यांना मोजायला पट्टी दिली होती, पण दाजींचा स्वतःच्या देहावर जास्त विश्वास. "पट्टीला कूस बदलावी लागत नाही," ते म्हणत. ते आडवे होत, या कुशीवरून त्या कुशीवर वळत, आणि त्यांचा म्हातारा चपराशी रामधनी खडूने भोवती चौकट ओढी. मग उठून शेजारच्या जागेवर पुन्हा आडवे. जितक्या चौकटी बसतील तितका आकडा पत्र्याच्या पाटीवर रंगवून दाराला ठोकत. शिवाय भिंतीला नाक लावून ओल हुंगणं वेगळंच. निघताना प्रश्न ठरलेला : "हवा कुठून येते आणि कुठून जाते, ते दाखवा."

माझे सासरे, मामंजी, रामघाटावरचे तीर्थोपाध्याय. साताऱ्याकडचे यजमान पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे उतरत. आमच्या पाटीवर आकडा होता चौदा, आणि तो मामंजींना रोज दारातून जाता-येता टोचे.

"माझ्या आजोबांनी याच घरात साठ माणसं निजवली आहेत," ते दाजींना ऐकवत.

"हो. आणि सकाळी उठली किती?" दाजी विचारत.

जास्त माणसं ठेवल्याबद्दल मामंजींना दोनदा ताकीद मिळाली होती. तिसऱ्यांदा सापडले तर परवाना रद्द, म्हणजे यजमान दुसऱ्याच्या दारी.

अशात माघात ग्रहण आलं. साताऱ्याहून चौदा येणार होते, आले तीस. त्यांना परत पाठवणं मामंजींच्या जिवावर आलं. दुपारी सगळे अंग टेकतात न टेकतात तोच गल्लीच्या तोंडाशी दाजींचं पागोटं दिसलं.

मामंजींनी चौदाजणांना वरच्या खोल्यांत बसवलं. उरलेल्या सोळांपैकी तीन म्हाताऱ्या क्षणात सासूबाईंच्या मावश्या झाल्या. तेरा पुरुषांना पडवीत रांगेने मांडी घालून बसवलं.

दाजी आले. आडवे व्हायला पडवीत जागाच नव्हती. "हे कोण?"

"वेद शिकायला येतात. विद्यार्थी," मामंजी म्हणाले.

पहिला विद्यार्थी सत्तरीचा होता. पांढऱ्या गलमिशा, हाताला नांगराचे घट्टे. दाजींनी त्याला नीट न्याहाळलं. "शिक्षण जरा उशिरा सुरू झालेलं दिसतं."

"घरच्या अडचणी," मामंजी म्हणाले.

"म्हणा पाहू काहीतरी."

म्हाताऱ्याने हात जोडले, डोळे मिटले आणि त्याला जे एकच पाठ होतं ते खड्या आवाजात सुरू केलं. ते विहिरीवर मोट हाकतानाचं गाणं होतं. मागच्या रांगेतल्यांना राहवलं नाही, त्यांनी बैलांना हाकारे घातले. स्वयंपाकघराच्या दाराआड मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

दाजींनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग शांतपणे विचारलं, "ही वेदाची शाखा कोणती म्हणायची?"

मामंजी खाली बघू लागले.

"भटजी, हे तिसऱ्यांदा झालं."

तेवढ्यात तो म्हाताराच पुढे आला. "सायेब, भटजींची चूक न्हाई. आमीच न कळवता जास्ती आलो. आमी घाटावर निजतो."

एका मावशीला खोकल्याची उबळ आली. दाजी तिच्याकडे बघत राहिले. "माघात घाटावर?" असं स्वतःशीच म्हणाले आणि चपराश्याकडे वळले. "रामधनी, सामान उठाओ."

"कहाँ ले जाना है, हुजूर?"

"ब्रह्मा घाट. अपने घर."

सोळा माणसं बोचकी घेऊन बाहेर पडल्यावर दाजींनी घर पुन्हा मोजलं आणि वहीत लिहिलं : माणसं चौदा.

संध्याकाळी सासूबाई आणि मी त्या सोळांसाठी भाकऱ्या घेऊन निघालो. वाटेत सासूबाईंनी सांगितलं, दाजी तरुणपणी बायकोला घेऊन यात्रेला आले होते. कुठल्याशा बिनखिडकीच्या कोठडीत चाळीस माणसांत उतरले. पटकीची साथ आली. चार दिवसांत ते एकटे उरले आणि मग गावी परतलेच नाहीत.

त्यांच्या बिऱ्हाडात खोल्या चार, साऱ्या खिडक्या गंगेकडे. कोट काढून, बाह्या सारून दाजी पिठलं ढवळत होते. "गुठळ्या झाल्या, बाबा, सरक तू," म्हणून मावशीने त्यांच्या हातातला डाव काढून घेतला, आणि दाजी हसत बाजूला झाले. म्हाताऱ्याला म्हणाले, "ते मोटेचं पुन्हा म्हणा. दुसरं कडवं माझ्या लक्षात राहिलं नाही."

ग्रहण झालं, मंडळी साताऱ्याला गेली. पंधरा दिवसांनी दाजी आमच्याकडे मुआयन्याला आले. वरच्या खोलीत आडवे झाले, उठले, ओल हुंगली. तरी निघेनात.

"भटजी, आता पुढची गर्दी केव्हा?"

"चैत्रात."

"किती माणसं येतील?"

मामंजी घाबरून म्हणाले, "चौदा. एकही जास्त नाही, शब्द देतो."

"बरं," दाजी म्हणाले. थोडा वेळ खिडकीची कडी लावत-काढत उभे राहिले. "अगदी चौदाच?"

सासूबाई परक्या पुरुषाशी कधी बोलत नसत. त्या दिवशी दाराआडून म्हणाल्या, "आकड्याचं काय सांगावं. दहा-बारा वाढतीलच."

मामंजी चमकून दाराकडे बघू लागले. दाजींनी मात्र गंभीरपणे मान हलवली. "मग मला कारवाई करावी लागेल," असं म्हणून ते जिना उतरू लागले. खालून त्यांचा आवाज आला, "रामधनी, घर में कंबल कितने हैं?"