तिसरा ‘हाः’ आणि टॅलोवाची खेचरं

“ब्रॅक्सटनची पोरं? आमची फळी त्यांना अशी ढकलत नेईल, अशी ढकलत नेईल, की घरी परतायला त्यांना बसचं तिकीट काढावं लागेल!”

एझेल पेटवे हे बोलला तेव्हा न्हाव्याच्या खुर्चीत होता. गळ्याभोवती फडकं, अर्ध्या तोंडाला साबण. गळ्याशी वस्तरा असताना माणूस सहसा नम्र असतो. पण एझेल पडला जुबिली हिल चर्चचा डीकन, म्हणजे कारभारी, आणि तरुणपणी टॅलोवा कॉलेजच्या संघात, हातात चेंडू घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये, पुढच्या फळीत उभा राहिलेला गडी. त्याची नम्रता काय ती देवापुढे!

आता या फळीचं नशीब बघा. पाच धिप्पाड पोरं. चेंडू घेऊन पळायचं भाग्य त्यांच्या कपाळी नाही. समोरच्या आडदांडांना रेटायचं, वाट करून द्यायची, त्या वाटेने भलताच कुणी पळणार आणि पेपरात फोटो त्याचा! एझेलचा फोटो एकदाच छापून आला होता, तोही पाठमोरा. म्हणून त्याचा सगळा जीव या पाचांवर.

यंदा टॅलोवा बड्या कॉलेजांच्या लीगमध्ये चढलं होतं, आणि पहिलाच सामना ब्रॅक्सटन स्टेटशी, त्यांच्याच मैदानात. टॅलोवाच्या संघाला सगळे लाडाने ‘खेचरं’ म्हणतात. पेपरवाल्याने लिहिलं, ‘खेचरं आता घोड्यांच्या शर्यतीत! देव त्यांचं रक्षण करो.’

“देव करेलच,” एझेल साबणातून म्हणाला. “तुमचं कोण करणार ते बघा!”

हे ‘तुमचं’ होतं शेजारच्या खुर्चीतल्या रेफील्डला. रेफील्ड म्हणजे एझेलचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. ब्रॅक्सटनमध्ये शिकलेला आणि त्यातून अजून बाहेर न आलेला. हा माणूस मयतालासुद्धा ब्रॅक्सटनचे जांभळे मोजे घालून येई.

“दाजी,” तो गोड आवाजात म्हणाला, “आमची पोरं डोंगर आहेत, डोंगर!”

“मग आमची बुलडोझर आहेत!”

“लावता पैज? हरलात तर सामन्यानंतरच्या रविवारी माझा जांभळा सूट घालून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचं.”

“आणि तू हरलास तर खेचराचे कान लावून दानाची थाळी फिरवायची!”

दुकानातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. न्हाव्याने साक्षीदार म्हणून वस्तरा उंचावला. झालं!

पण बुधवारी एझेलचा सगळा नूर उतरला. दर बुधवारी ही पाच पोरं बायबलच्या वर्गानंतर चर्चच्या तळघरात जेवायला येत. जेवायला म्हणजे काय, टोळधाडच! एझेलची बायको लव्हिनिया डुकराच्या मांसाचे तुकडे तळून तळून घामाघूम होई, आणि फळीतला सगळ्यात बारका, लिटल मो, जो उभा फ्रिजएवढाच होता, तो विचारी, “काकू, हे चाखायला होतं ना? जेवण कधी आहे?”

जेवण झालं की एझेल त्यांना मागच्या आवारात नेऊन चर्चची व्हॅन ढकलायला लावायचा. त्या दिवशी त्याने आरोळी ठोकली, “हं!” तर मधला बूकर लगेच वाकला, लिटल मो नंतर हलला, एकाने खांदा लावला, एकाने पाठ, आणि पाचवा म्हणाला, “आत्ताच का?” पाच पोरं आणि पाच घड्याळं! व्हॅन जागची हलली नाही.

“आणि तिथे तर ऐंशी हजार लोक बोंबलत असणार,” प्रशिक्षक डनलॅप कपाळ चोळत म्हणाला. तो चर्चच्या गायकवृंदात खर्जातला गडी, त्यामुळे त्याची निराशासुद्धा फार खोल ऐकू येई. “इशाऱ्याआधी हलले तर पंच पाच यार्ड मागे ढकलणार. उशिरा हलले तर ब्रॅक्सटनवाले ढकलणार. काय करू, डीकन?”

तेवढ्यात वरून चर्चचे म्हातारे पाद्री, रेव्हरंड लॅटिमोर, यांचा आवाज आला. रविवारच्या प्रवचनाची तालीम चालली होती. मंडळी, हे प्रवचन नुसतं ऐकायचं नसतं, त्यात न्हायचं असतं. सुरुवातीला म्हातारा बोलतो, शेजाऱ्याशी बोलावं तसा. मग बोलण्याला चाल येते, चालीला सूर लागतो, आणि शेवटी प्रत्येक ओळ संपली की छातीच्या तळापासून एक हुंकार येतो, ‘हाः!’ तिथे सिस्टर आर्नेटा ऑर्गनवर बोटं आपटते. पहिल्या ‘हाः’ला पाय ठेका धरतात, दुसऱ्याला अंगावर काटा येतो, आणि तिसऱ्याला ज्याला उभं राहायचं नव्हतं तोही उभा असतो!

एझेलने वर बघितलं. मग पोरांकडे बघितलं. त्याचे डोळे लकाकले.

“सापडलं! हाच इशारा! तिसऱ्या ‘हाः’ला सुटायचं!”

इशारा देऊन मधल्या बूकरकडून चेंडू हातात घेणारा जेरिको हा रेव्हरंडचाच नातू, गळाही आजोबांचाच. पाळण्यापासून तो ही प्रवचनं ऐकत आलेला, आणि आजोबांचा वरचा सूर लागला की अजूनही त्याचे दोन्ही हात आपोआप आभाळाकडे जात. त्याला बोलावलं. तो सुरात म्हणाला, “खिंड उघडेल, हाः! भिंत पडेल, हाः! आम्ही जाऊ पलीकडे, हाः!”

व्हॅन निघाली ती थेट लव्हिनियाच्या टोमॅटोच्या वाफ्यात! ब्रेक लावलेले होते, बरं का!

“जिंकलो!” एझेल ओरडला.

“माझे टोमॅटो!” लव्हिनिया ओरडली. पण इतिहास घडत असताना टोमॅटोंना कोण विचारतो?

रविवारी एझेलने पाचही पोरांना आशीर्वादासाठी पहिल्या बाकावर बसवलं. बाक कण्हला. त्या दिवशी पाण्यात बुडवून द्यायचा बाप्तिस्मा होता, म्हणून व्यासपीठामागचं टाकं काठोकाठ भरलेलं. रेव्हरंड उभे राहिले. बोलले. चाल आली. सूर लागला.

आणि एझेल एकदम दचकला. अरे देवा! पोरांना कुणी सांगितलंय का, की चर्चमध्ये सुटायचं नसतं?

“तो मला उचलेल, हाः!” रेव्हरंड गायले.

बाकावर दहा हात गुडघ्यांवर आले.

“पोरांनो!” एझेल कुजबुजला. “नाही! नाही!”

“तो मला धुईल, हाः!”

दहा टाचा उचलल्या.

“आणि तो मला नेईल पाण्यापार, हाः!”

सुटले! पाचही एकदम, खांद्याला खांदा! प्रभुभोजनाचं टेबल गेलं, फुलदाण्या गेल्या, व्यासपीठ गेलं आणि व्यासपीठाला धरून रेव्हरंड लॅटिमोर गेले. गेले ते थेट टाक्यात! पाणी गायकवृंदाच्या तिसऱ्या रांगेपर्यंत उडालं. सिस्टर आर्नेटाने ऑर्गन थांबवला नाही. अख्ख्या चर्चला वाटलं, पवित्र आत्मा उतरला! बायका “ग्लोरी!” म्हणत रुमाल फडकवू लागल्या.

रेव्हरंड पाण्यातून वर आले. चष्मा एका कानाला लोंबत होता.

“डीकन पेटवे,” ते म्हणाले, “माझा बाप्तिस्मा मी सात वर्षांचा असताना झालाय.”

“हो, रेव्हरंड.”

“आणि तो माझ्या संमतीने झाला होता.”

“हो, रेव्हरंड. पण पोरं किती एकसाथ सुटली, पाहिलंत?”

रेव्हरंडनी ओली दाढी पिळली, पाचही घाबरलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि म्हातारा खदखदून हसला. “पाहिलं काय, भोगलं! ब्रॅक्सटनच्या पोरांसाठी मी आजपासून प्रार्थना करतो!”

सगळे हसले. रेफील्ड मात्र हसला नाही. लोकांना जागा दाखवायचं आणि थाळी फिरवायचं काम त्याच्याकडे, म्हणून तो पांढरे हातमोजे घालून दाराशी उभा होता आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होता. एक... दोन... तीन...

शनिवारी ब्रॅक्सटनच्या मैदानात जांभळा समुद्र उसळला होता. त्यात जुबिली हिलची माणसं म्हणजे मुठीएवढं बेट. आणि खेचरं? अहो, नांगर चालावा तशी चालली! जेरिको गायचा, तिसऱ्याला फळी सुटायची, आणि ब्रॅक्सटनचे डोंगर ढेकळासारखे बाजूला पडायचे.

“कुठे आहेत रे ते घोडे?” एझेल बेंबीच्या देठापासून ओरडत होता. “इकडे तर नुसती शिंगरं दिसतायत!”

मध्यंतरानंतर मैदानाजवळच्या पहिल्या रांगेतून एक ओळखीचा आवाज आला. जेरिकोने अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच: “हाः! हाः! हाः!”

फळी सुटली. चेंडू जमिनीवरच.

“पाच यार्ड मागे!” पंच म्हणाला.

पुन्हा तेच. पुन्हा पाच यार्ड मागे. जांभळे मोजे घातलेला रेफील्ड कठड्यावर उभा राहून छाती फुटेस्तोवर हुंकारत होता.

“चोर! चर्चमधून चोरलंस!” एझेल किंचाळला.

“मी तर देवाची स्तुती करतोय, दाजी!”

टॅलोवाची आघाडी वितळत गेली. शेवटी तीन गुणांनी मागे, जिंकायची रेषा गाठायला चारच यार्ड उरलेले आणि एकच खेळी हातात. एझेलला तो जांभळा सूट डोळ्यांपुढे दिसू लागला. पण त्याहून वाईट म्हणजे बूकर मान खाली घालून उभा होता. कुणाचा हुंकार खरा, हेच पोरांना कळेना.

तेव्हा रेव्हरंड लॅटिमोर बाकावर चढले.

“आपलं मेंढरू आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतं,” ते म्हणाले, आणि गायला लागले. काय तो सूर! “ते म्हणतात तुम्ही खेचरं, हाः!” रेफील्डचा आवाज त्याखाली गडप झाला. बूकरची मान वर आली. “अरे, खेचरच ओझं वाहतं, हाः!” एझेलच्या डोळ्यांतून धारा लागल्या. “आणि खेचरच नेतं आपल्याला घरी, हाः!”

सुटले! मंडळी, असं कधी पाहिलं नाही! ब्रॅक्सटनची अख्खी फळी रेषेपलीकडे गेली, खांबापलीकडे गेली, बँडच्या ढोलांवर जाऊन पडली! वाट अशी मोकळी की आजीबाई चहाचा पेला घेऊन चालत गेली असती!

फक्त जेरिको हलला नाही. आजोबांचा वरचा सूर लागला होता. त्याचे डोळे मिटलेले होते, आणि दोन्ही हात आभाळाकडे.

रिकामे.

बूकरने मागे दिलेला चेंडू त्याच्या पायाशी पडला होता. ब्रॅक्सटनचा एक काटकुळा पोरगा, जो इतका किरकोळ होता की फळीने त्याला ढकलायचेही कष्ट घेतले नव्हते, त्याने तो उचलला आणि पार मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पळत नेला.

रविवारी एझेल पेटवे जांभळ्या सुटात पहिल्या बाकावर बसला. सूट रेफील्डच्या मापाचा, त्यामुळे श्वास हप्त्याहप्त्याने घ्यावा लागत होता. पण मान ताठ!

“मी म्हटलं होतं फळी त्यांना ढकलेल. ढकललं की नाही?” तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता. “फळी जिंकली! हरला तो चेंडू! चेंडूबद्दल मी एक शब्द बोललो नव्हतो!”

“शोभतोय हं सूट तुम्हाला,” लव्हिनिया म्हणाली. टोमॅटो ती विसरली नव्हती.

पाच पोरांना मागच्या भिंतीशी बसवलं होतं, आणि त्यांना एझेलने स्वतः दम भरला होता, “काहीही झालं तरी हलायचं नाही! शिस्त म्हणजे शिस्त!”

रेव्हरंड उभे राहिले. चाल आली. सूर लागला. पहिला ‘हाः’ आला आणि एझेलच्या म्हाताऱ्या पायांत काहीतरी जागं झालं. त्याने बाक घट्ट धरला. दुसरा ‘हाः’ आला, आणि जुबिली हिल चर्चचा डीकन, टॅलोवाच्या फळीतला जुना गडी, खांदा पुढे करून असा सुटला की वाटेत थाळी घेऊन उभ्या असलेल्या रेफील्डच्या छातीवरच जाऊन आदळला! पाठीमागे सूट टर्रकन उसवला.

मागच्या भिंतीशी पाचही पोरं जागची हलली नव्हती.

रेफील्डने जमिनीवरूनच, थाळी पोटाशी धरून, पंचासारखा हात वर केला.

“तिसऱ्याला सुटायचं असतं, दाजी. आधीच हललात. पाच यार्ड मागे!”

आणि एझेल पेटवे मान ताठ ठेवून, फाटक्या पाठीवर बायबल धरून, निमूटपणे मागच्या बाकावर जाऊन बसला.