दातांचा डबा

सासऱ्यांची कवळी आपणच धुऊन ठेवायची, असं सासुरवाडीला आलेल्या मास्तरांनी त्या दुपारी स्वतःहून ठरवलं. (कुणी सांगितलं असतं तर निदान दोष वाटून घ्यायला माणूस मिळाला असता.) सासऱ्यांनी चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या होत्या. संध्याकाळी पाचला गल्लीतले लोक त्यांचा सत्कार करणार होते, आणि सासरे जन्मात पहिल्यांदा भाषण करणार होते. आठवडाभर आरशासमोर पाठांतर चाललं होतं. कवळी बेसिनपाशी ठेवून ते केस कापायला गेले आणि मास्तरांच्या अंगात जावईपण संचारलं.

त्यांनी कवळी घासली, स्टीलच्या डब्यात ठेवली, वर चांगलं गरम पाणी ओतलं. मग सासऱ्यांचं तोंड पोळायला नको म्हणून डबा फ्रीजमध्ये ठेवायला निघाले.

"जावईबापू, झाकण लावा हो! फ्रीजमध्ये उघडं दूध आहे," सासूबाई ओरडल्या.

मास्तरांनी झाकण पार दाबून लावलं.

साडेचारला सासरे आले. डबा बाहेर आला, पण झाकण काही निघेना. मास्तरांनी ते ओढलं, पिरगाळलं, डबा गुडघ्यांत धरून पाहिला. बायकोनं चमचा घातला, तर चमचाच वाकला.

"अहो, एवढं घट्ट बसलं कसं?"

"आतली हवा गार झाली, तिचा दाब कमी झाला," मास्तर घाम पुसत म्हणाले. "आता बाहेरची हवा झाकण दाबून धरतेय. नववीच्या पुस्तकात आहे."

"आणि उघडायचं कसं, ते कितवीत आहे?"

मास्तरांनी वीस वर्षं हाच धडा शिकवला होता, पण ऐन वेळी डोकं चालेना. सासरे भाषणाचा कागद घेऊन स्टुलावर बसले होते, गाल आत गेलेले. ते चिडले असते तरी चाललं असतं. पण ते बिनदातांनीच भाषण पुटपुटून पाहत होते, आणि ते ऐकून मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पावणेपाचला सासरे मुकाट्यानं उठले. त्यांनी पातेल्यात गरम पाणी ओतलं, त्यात डबा ठेवला आणि वाट पाहिली. थोड्या वेळानं अंगठा लावला, तसं झाकण फट् करून वर आलं.

भाषण झकास झालं. "हवेनं मला पोसलं," सासरे म्हणाले. "तापली की फुगते, गार झाली की आक्रसते. मी हे उन्हात फुटलेल्या ट्यूबांकडून शिकलो. आमचे जावई शाळेत शिकवतात."

टाळ्या पडल्या. सगळ्यांनी कौतुकानं मागं वळून पाहिलं. मास्तर खुर्चीत जेवढं आक्रसता येईल तेवढे आक्रसले. डब्याचा मात्र सासऱ्यांनी चकार शब्द काढला नव्हता. केवढं मोठं मन, असं वाटून मास्तरांचे डोळे भरून आले.

घरी आल्यावर सासूबाईंनी वाटी पुढं केली. "आता काढून ठेवा दात. दमला असाल."

सासऱ्यांनी पटकन तोंडावर हात धरला.

"जावई आपल्या गावाला परत गेले की काढीन."