ठवकर काकांचं प्लायवूडचं हरीण

रोज संध्याकाळी ठवकर काका प्लायवूडच्या हरणाला पुट्टी लावतात. अंगठ्यानं एकेक भोक बुजवतात, वरून गेरू फिरवतात आणि तोंडानं चालूच असतं, "झालं, झालं. अजून एक हाय फक्त." पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा गेला कामातून. आता इतकी वर्षं पाहून राहिले, पण मत काही फारसं बदललं नाही.

काका आमच्या हुडको कॉलनीतलेच, दोन गल्ल्या सोडून राहतात. मूळचे साकोलीकडचे, सगळी नोकरी भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये, रूळ बनवण्यात गेली. बायको वारली. मुलगा हैदराबादला, तो फोनवर "पप्पा, खाना खाया?" विचारतो आणि उत्तर यायच्या आत ठेवूनही देतो. रिटायर झालेली माणसं भिलाईत एक तर देवळाच्या कमिटीत जातात, नाहीतर शुगर तपासायच्या रांगेत. काकांनी कम्युनिटी हॉलमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोट्ट्यांना एअरगन शिकवायला काढली. म्हणजे बघा.

शिकवणंही जगावेगळं. पोरांनी आधी कागदाच्या निशाण्यावर हात बसवायचा. ज्याचा हात त्या दिवशी सगळ्यात स्थिर, त्याला शेवटी हरणावर एकच छर्रा मिळणार. काका सायकलचं पायडल फिरवतात, हरीण तारेवरून पळतं. त्याच्या खांद्यामागे रुपयाएवढा पांढरा ठिपका आहे. ठिपक्यात लागलं तर काका खूश. पण पायाला नाहीतर पोटाला लागलं, की संपलंच! पायडल थांबतं, त्या पोरानं स्वतः जाऊन पुट्टी लावायची, आणि दुसऱ्या दिवशी बंदुकीला हात लावायचा नाही.

"अर्धं नोको," हे काकांचं ब्रह्मवाक्य. पोरानं डब्यात अर्धी पोळी उरवली, अर्धं नोको. मी काही सांगता सांगता थांबले, तर "बोलनं पुरं करा बाई, अर्धं नोको." माणूस स्वतः कुणाचं बोलणं तोडत नाही. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका त्यांच्याकडेच गाऱ्हाणी घेऊन जातात.

छर्रे निवडायचे, तोही एक सोहळाच. काचेवर एकेक घरंगळवायचा. सरळ गेला तर ठेवायचा, वाकडा गेला तर बाद. मग चष्मा कपाळावर चढवून कडा पाहायची. मला पाहायला आली होती तेव्हा माझ्या सासूनंही इतकं निरखलं नव्हतं.

आणि मग बाहेरून येणारे चांगले छर्रे यायचेच बंद झाले. रायपूरचा दुकानदार फोन उचलेना. कुठूनतरी जे मिळाले ते काकांनी काचेवर सोडले, तर सगळेच्या सगळे वाकडे. "हे छर्रे व्हय का बकरीच्या लेंड्या?" काका म्हणाले.

चांगल्या छर्ऱ्यांचा एकच डबा उरला. आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? चांगला माल स्पर्धेसाठी ठेवेल, लेंड्या हरणाला. काकांनी नेमकं उलटं केलं! सरावाला लेंड्या, स्पर्धेला लेंड्या, आणि डबा राखून ठेवला हरणासाठी.

"कागदाले दुखत नाही ना," म्हणे.

आईबाप भडकणारच. एकेक पोट्टं गळत गेलं, कोणी कोचिंगला, कोणी क्रिकेटला. शेवटी उरली माझी पल्लवी एकटी. हॉलच्या कमिटीनं सांगून टाकलं, रायपूरच्या नेमबाजीच्या निवडीत एक जरी पोर आलं तर शेड राहील, नाहीतर मंडपवाल्याला सामान ठेवायला देऊ. पोरीचं आणि म्हाताऱ्याचं, दोघांचंही सगळं त्या एका डब्यावर येऊन अडकलं.

मी गेले डबा मागायला. "काका, प्लायवूडला कुठं दुखतं हो?"

काकांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "मी पल्लवीएवढा होतो. तवा शिकारीले बंदी नोहती. बाबानं मले पहिल्यांदा संगं नेलं. काडतुसं भेटूनच नोहती राहिली. हरनाच्या लायकीचं एक नाही. पाखरावरचं बारीक छर्र्याचं, तेवढं एक होतं. बाबा म्हने, पोट्ट्याले हेच बरं हाय, खांद्याले झटका कमी बसते."

"मग?"

"लागलं ना, पोटात! पन पडलं नाही. पयालं. सकाळी नाल्यात भेटलं. जित्तं होतं, बाई. माह्याकडंच पाहे."

"मग बाबांनी दुसरी गोळी घालून सोडवलं असेल त्याला."

"बाबाजवळ दुसरं काडतूस नोहतं."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण आईचं काळीज फार स्वार्थी असतं. मी म्हटलं, "काका, ते हरीण केव्हाच मेलं. माझी पोरगी जिवंत आहे." आणि तशीच घरी आले.

निवडीच्या दिवशी पल्लवी लेंड्याच घेऊन गेली. हात स्थिर, श्वास बरोबर, पण छर्रे आपल्या मनाला येईल तिकडे. निवड केसभरानं हुकली. रायपूरहून भिलाईपर्यंत बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मी चप्पल घातली आणि तडक शेडवर. काय काय बोलले ते आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. लाकडासाठी माझ्या पोरीचा जीव घेतला म्हटलं. तुमचा मुलगा उगीच नाही हैदराबादेत राहत, असंही म्हटलं. काका पायडलजवळच्या स्टुलावर बसून ऐकत राहिले. मला एका शब्दानं अडवलं नाही.

घरी येऊन दारावर थापा मारल्या. "रडू नको वं. त्या म्हाताऱ्याला चांगलं सुनावून आले."

दार फटकन उघडलं. "क्यों? सर ने तो सुबह डब्बा दिया था मम्मी. पूरा डब्बा! मैंने ही वापस रख दिया."

"वापस? कावून?"

"फिर हिरन के लिए क्या बचता? वो लेंडी? उससे तो आधा ही मरेगा." आणि दार पुन्हा लावून घेतलं.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. कपाळ कुणाचं बडवावं, पोरीचं, म्हाताऱ्याचं का माझं, तेच कळेना. मग पुन्हा चप्पल घातली.

शेडमध्ये काका हरणापाशी बसले होते. बाजूला बंद डबा.

"तुम्ही मले सांगितलं कावून नाही?" मी दारातूनच विचारलं.

"तुमचं बोलनं पुरं व्हायचं होतं ना, बाई."

मी तिथंच पायरीवर बसले. उद्या मंडपवाला येणार, पोरीचं हे वर्ष गेलं, आणि आम्हा तिघांपैकी कुणाच्याही हातात आता काही नव्हतं.

"पोट्टी रडली का?" काकांनी विचारलं.

"दार लावून बसली आहे. आवाज नाही."

"रडू द्या तिले. पुरी रडू द्या. अर्धं नोको."

"आणि तुमचं, काका? तुमचं झालं का पुरं?"

काकांनी अंगठ्यावर पुट्टी घेतली. हरणाच्या अंगावर एकही भोक उरलं नव्हतं. तरी ते त्याच्या पोटावरून अंगठा फिरवत राहिले.

"झालं, झालं," म्हणाले. "अजून एक हाय फक्त."