सासूबाईंची कात्री आणि चिखलोबा

चिखलोबा आणि घणासुर यांची मारामारी झाली तर कोण जिंकेल, हा प्रश्न संसारी माणसाने घरात काढू नये. काढलाच, तर सासरे घरात असताना काढू नये. आणि सासरे गणिताचे रिटायर्ड मास्तर असतील, तर तोंडाला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्यांकडे द्यावी. मी यातलं काहीच केलं नाही, म्हणून तर ही कथा.

ज्यांचं बालपण चांगल्या वळणाचं गेलं त्यांच्यासाठी सांगतो. चिखलोबा आणि घणासुर हे कॉमिकमधले दोन राक्षस. चिखलोबा कारखान्यामागच्या नाल्यातून उठलेला, अंगभर चिखल, समोर येईल ते गिळणारा. घणासुर भंगारातून जन्मलेला, सगळा लोखंडाचा, हातांच्या जागी दोन घण. दोघांची पुस्तकं वेगवेगळी. ते एकमेकांना कधी भेटले नाहीत आणि पुढे ती पुस्तकं निघायचीही बंद झाली. त्यामुळे कोण जिंकेल हे आता कुणीच सांगू शकत नाही. म्हणूनच आमच्या ऑफिसातला कॅशियर आणि मी ते इतकी वर्षं ठामपणे सांगत आलो आहोत. तो घणासुराच्या बाजूचा, मी चिखलोबाच्या.

(मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या टेबलावर बसतो. दिवसभर लोक अंगावर येतात आणि मी "बघतो" म्हणतो. अंगावर फेकलेलं सगळं निमूट गिळणारा राक्षस मला जवळचा का वाटतो, हे वेगळं सांगायला नको.)

त्या दिवसांत आमच्या घरावर मळभ होतं. सासूबाई गेल्या आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे राहायला आले. आले म्हणजे त्यांना आणून खुर्चीत बसवलं. त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि बोलणं बंद केलं. विचारलं तर मान हलवायचे, तीही हो म्हणून की नाही म्हणून ते कळायचं नाही. ती भिंत अगदी कोरी होती. विरंगुळा म्हणून मी तिथे एक कॅलेंडर लावलं, तर त्यांनी खुर्ची थोडी सरकवली आणि उरलेल्या कोऱ्या भागाकडे बघू लागले. ताट जसं जायचं तसंच परत यायचं. ही, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरात नळ सोडून रडायची. मी बाहेर उभा राहून नळाचा आवाज ऐकायचो. आत जाऊन काय बोलावं ते सुचायचं नाही. "बघतो" म्हणून भागण्यासारखं ते नव्हतं.

एका रविवारी कॅशियर आला. बाबा असल्यामुळे आम्ही दबक्या आवाजात भांडत होतो.

"घणासुराचा एक घण बसला की तुझा चिखलोबा सपाट," तो म्हणाला.

"सपाट झाला तरी चिखलच ना? परत उठेल."

"मग दोन तुकडे करेल त्याचे."

"चिखलोबाचे दोन तुकडे केले की दोन चिखलोबा होतात. पहिल्याच अंकात दिलंय."

"हा कुठला न्याय?"

"न्याय नाही, नियम आहे. आणि दमल्यावर काय करेल तुझा घणासुर?"

"दमतोय कशाला? त्याला झोपच लागत नाही."

"मग घणासुर जिंकेल," भिंतीकडून आवाज आला.

आम्ही दोघंही दचकलो. तो आवाज इतका गंजलेला होता की क्षणभर मला खरोखर घणासुरच आल्यासारखं वाटलं. बाबा भिंतीकडे बघतच बोलत होते.

"ज्याला झोप नाही, तो नुसता बसून राहिला तरी जिंकतो. चिखल कधीतरी निजतोच. तुमचं चुकतंय, जावईबापू."

ही हातातला डाव तसाच घेऊन धावत बाहेर आली. "बाबा! काय म्हणालात?"

"तुझा नवरा चुकतोय म्हणालो."

ही तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. या वेळी नळ न सोडता. मी चुकतो हे लग्नापासून सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचा एवढा आनंद कुणाला झालेला मी पाहिला नव्हता.

नंतर तिने मला बाल्कनीत ओढून नेलं. "हे बघा, हे भांडण चालू ठेवायचं. मिटवायचं नाही. तुम्ही जिंकायचं नाही, आणि लवकर हरायचंही नाही. भांडण संपलं की बाबा परत भिंतीकडे बघत बसतील. माझी आई गेली, आता वडीलही जाऊ द्यायचे का मी?"

"अगं, मी आजवर कधी कुणाशी जिंकलोय?"

"म्हणून तर तुमच्यावर भिस्त आहे," ही म्हणाली.

पुढचे काही दिवस बरे गेले. बाबांनी खुर्ची अर्धी फिरवली. माझी सगळी पुस्तकं मागून घेतली आणि पेपर तपासावे तशी वाचली. मी ऑफिसातून आलो की माझा मुद्दा मांडायचो आणि बाबा मार्क द्यायचे.

"चिखल घणाला चिकटून बसेल, मग घण उचलता येणार नाही."

"वजनाचा हिशेब दिलेला नाही. दहापैकी शून्य."

"चिखलोबा त्याच्या सांध्यांत शिरेल."

"नुसतं विधान. सिद्धता कुठे आहे? शून्य."

बाबा दोन घास जास्त खायला लागले. हिचा नळ बंद झाला. मी हरत होतो आणि घर चाललं होतं. मी शहाणा असतो तर तसाच हरत राहिलो असतो. पण दिवसभर ऑफिसात लोकांची बोलणी खायची आणि घरी येऊन शून्य घ्यायचं, याने माणूस आतून सडतो हो. मला वाटलं, एकदा, फक्त एकदाच, सिद्धता द्यावी.

मी ठरवलं की प्रयोग करायचा. एक लोखंडी वस्तू ओल्या चिखलात पुरून ठेवायची. लोखंड गंजलं की चिखलोबा जिंकला. बादली मिळाली. बाल्कनीतल्या कुंड्यांतून माती मिळाली. त्यात मूठभर मीठ टाकलं. (चिखलोबा समुद्रकाठचा होता असं समजायला हरकत नव्हती.) प्रश्न लोखंडाचा होता. घरातली कुठलीही वस्तू हलली की हिला कळतं. शेवटी बाबांच्या सामानाच्या खालच्या कप्प्यात मला एक जुनी, जड लोखंडी कात्री सापडली. जुन्या फडक्यात गुंडाळून वर दोऱ्याने बांधलेली.

इथे माझी नोकरी नडली. आमच्या ऑफिसात जे बासनात गुंडाळून दोऱ्याने बांधतात, ते कुणालाही नको असतं. उंदरांनासुद्धा. कुणी एखादी वस्तू जपायची म्हणूनही गुंडाळून ठेवत असेल, हे इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर माझ्या डोक्यात आलंच नाही.

"बादलीत काय आहे?" हिने विचारलं.

"खत," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी कॅशियर आल्यावर मी बादलीत हात घातला. कात्री लालभडक झाली होती. दोन्ही पाती एकमेकांना अशी धरून बसली होती की उघडायचं नाव नाही. मी ती तशीच, चिखल निथळत, बाबांच्या समोर धरली.

"घ्या सिद्धता! लोखंड खाल्लं चिखलाने. चिखलोबा जिंकला!"

बाबांनी कात्री हातात घेतली. शर्टाच्या बाहीने तिची मूठ पुसली. मुठीच्या एका कडीला कापडाची पट्टी गुंडाळलेली होती, बोटाला लागू नये म्हणून. ती पट्टी सुटून त्यांच्या हातात आली.

"ही तिची आहे," बाबा म्हणाले.

मग त्यांनी कात्री मांडीवर ठेवली आणि खुर्ची पूर्ण भिंतीकडे वळवली.

कॅशियर चपला घालून कधी गेला ते कळलं नाही. ही मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली.

"आई शिवणकाम करायची त्या कात्रीने. आम्ही सगळी भावंडं त्या कात्रीने कापलेल्या कपड्यांत वाढलो. त्या कात्रीने कागद कापायचा नाही, धार जाते, असा तिचा नियम होता. बाबांनी एकदा परीक्षेचे कागद कापले, तर दोन दिवस बोलली नव्हती त्यांच्याशी. आणि तुम्ही ती चिखलात घातलीत. कशासाठी, तर तो तुमचा चिखलोबा जिंकायला हवा म्हणून."

"मला वाटलं, कुणाला नको असेल."

"आयुष्यात एकदा जिंकलात," ती म्हणाली, "तेही आजच."

तिने नळ सोडला. मी बाहेर आलो.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. घरात तीन माणसं आणि एकाचाही आवाज नाही. ताट पुन्हा जसंच्या तसं परत यायला लागलं. ऑफिसात लोक माझ्यावर ओरडले की मला बरं वाटायचं, निदान कुणीतरी बोलतंय. मी पॉलिश पेपर आणि मशीनचं तेल आणलं, बाबांच्या मांडीवरून कात्री हळूच उचलली आणि संध्याकाळी खालच्या पायरीवर बसून घासत राहिलो. बोटं सोलली. कात्री हलली नाही.

रविवारी कॅशियर भीत भीत आला. आम्ही सगळी कॉमिकं टीपॉयवर मांडून ठेवली, बाबांची नजर जाईल म्हणून. गेली नाही. "घणासुर फार बलवान, नाही का?" कॅशियर मोठ्याने म्हणाला. "फारच," मी म्हणालो. एकमताने चर्चा किती भिकार होते ते त्या दिवशी कळलं. शेवटी मी पुन्हा कात्री घासायला घेतली. खर्र, खर्र, खर्र.

"बंद करा ते," भिंतीकडून आवाज आला.

मी थांबलो.

"एकाच जागी घासताय मघापासून. फळा पुसायला सांगितला तर तुम्ही त्याला भोक पाडाल. आणा इकडे."

बाबांनी कात्री घेतली. सांध्यात तेल सोडलं, थांबले, पुन्हा सोडलं. घासलं. ही दारात येऊन उभी राहिली. ऊन टीपॉयवरून उतरून जमिनीवर गेलं, तरी बाबा घासतच होते. मग कर्रर्र असा आवाज झाला आणि कात्रीने आ वासला.

"गंजली होती," बाबा म्हणाले. "मोडली नव्हती."

"कापड आणू का, धार बघायला?" हिने विचारलं.

बाबांनी टीपॉयवरचं सगळ्यात वरचं पुस्तक उचललं.

"बाबा, तो चिखलोबाचा पहिला अंक आहे!" मी ओरडलो. "आता कुठेही मिळत नाही तो!"

"माहीत आहे," बाबा म्हणाले आणि मुखपृष्ठावरच्या चिखलोबाच्या बेंबीतून आरपार कात्री चालवली.

"बाबा! त्या कात्रीने कागद?" ही म्हणाली.

"कागद कुठे आहे हा? हा तर चिखल." त्यांनी दुसरं पान कापलं. "ती असती तर आता दोन दिवस बोलली नसती माझ्याशी."

"आठवडाभर," ही म्हणाली. आणि हसली. डोळे भरून आले होते, पण हसली. बाबाही हसले. त्यांचं हसणं कात्रीसारखंच कर्रकर्र वाजलं, फार दिवसांनी उघडल्यावर वाजतं तसं.

इथे कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता. कॅशियरने माझ्या पायावर पाय दिलासुद्धा. पण मी माझ्या पहिल्या अंकाच्या दोन अर्ध्यांकडे बघत होतो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पण बाबा, नियमाप्रमाणे चिखलोबाचे दोन तुकडे केले की दोन चिखलोबा होतात."

हिने कपाळाला हात लावला. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी खुर्ची वळवली, भिंतीकडे पाठ करून, थेट माझ्याकडे तोंड करून.

"मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले. "दहापैकी तीन."

माझ्या आयुष्यातले ते पहिले मार्क.

"आता चार करून पाहू," बाबा म्हणाले आणि कात्री चालवायला लागले.

तेव्हापासून बाबा व्यवस्थित जेवतात, गप्पा मारतात आणि दर रविवारी एक अंक कापून सिद्धता मागतात. चिखलोबाची फौज आता कपाटाखाली, खुर्चीखाली, गादीखाली सगळीकडे पसरली आहे. कालच ही केर काढताना सुपली पुढे धरून म्हणाली, "अहो, तुमची बाजू जिंकतेय वाटतं. भरू का?"

मी म्हणालो, "भर."